एका कान्याचे अंतर

दिवाळीच्या अंकात जळालेल्या घरांविषयी लिहिणे प्रशस्त नव्हे, असे कोणी म्हणेल. घरात फराळाची ताटे भरलेली, दारात पणत्या लागलेल्या, आणि टीकाकार मात्र कोठल्या तरी जुन्या राखेत हात घालून बसलेला! आक्षेप खोटा नाही. परंतु वर्षातून याच चार दिवसांत सगळे घर एका जागी येते. आजोबा असतात, सून असते, कॉलेजात जाणारी नात असते, आणि अंक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो. मी ज्या पुस्तकाविषयी लिहिणार आहे ते घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे, आणि वाचून झाल्यावर थोडे भांडावेही, अशा जातीचे आहे. एकट्याने वाचले तर ते निम्मेच कळते. उरलेले निम्मे म्हाताऱ्या माणसांपाशी असते, आणि ती माणसे आता फार उरलेली नाहीत.

व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही ती कादंबरी. १९६४ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांची 'बनगरवाडी' घराघरांत पोचली. अमोल पालेकरांनी १९९५ साली तिच्यावर चित्रपट काढला. 'वावटळी'च्या वाट्याला एवढे कौतुक आले नाही. तिला चांगली म्हणणारे वाचक पुष्कळ भेटतात, पण तिच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मराठी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि हा खाली येणारा आवाज मी अनेक घरांत ऐकला आहे. जळालेल्यांच्या घरांत ऐकला तसा, ज्यांच्यावर जाळल्याचा आळ आहे त्यांच्याही घरांत ऐकला.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, तरी तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसे याने गांधीजींवर गोळ्या झाडल्या. मारेकरी मराठी आहे, पुण्याचा आहे, ब्राह्मण आहे, ही बातमी पसरली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे पेटू लागली. मुंबई, पुणे, नागपूर येथेही दंगली झाल्या. परंतु मॉरीन पॅटरसन या अभ्यासक बाईंनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दाखवले आहे, की सगळ्यांत मोठी झळ या शहरांना लागली नाही. ती सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव या बाजूला लागली. एकट्या सातारा जिल्ह्यात तीनशेहून अधिक गावांत मिळून हजाराच्या आसपास घरे जळाली, असा सरकारी आकडा त्या देतात. त्या वेळचा सातारा म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा मुलूखही त्यातच आला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. माणसे मारली गेली ती घरांच्या मानाने थोडी. पण मारली गेली, आणि काही ठिकाणी नुसत्या आडनावाने घात केला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्या माणसाने शिवछत्रपती पडद्यावर आणण्यात आपला जन्म वेचला, त्याच्या कामाची जागा शिवछत्रपतींच्याच गादीच्या गावी पेटावी, हा योगायोग कोणा नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

हे घडले त्या वेळी स्वराज्य साडेपाच महिन्यांचे होते. औंध, सांगली, मिरज, जत, फलटण ही संस्थाने अखेरचे दिवस मोजीत होती. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. जुना राजा उठून गेलेला नाही आणि नवा अंमलदार अजून येऊन बसलेला नाही, अशा सांदीत ही आग लागली. सत्तेचा पालट दिल्लीत एका मध्यरात्री होतो. माणदेशातल्या एखाद्या गावी तो वर्षभर चाललेला असतो.

'वावटळ' हे नाव या सगळ्याला फार शोभते, असे पहिल्या वाचनात वाटते. माणदेश हा वावटळींचा मुलूख आहे. पाऊस नसलेल्या माळावर उन्हाळ्यात धुळीचे खांब फिरताना ज्याने पाहिले आहेत त्याला कादंबरीचे नाव ऐकताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. कोठून आली कळत नाही, कोठे गेली कळत नाही, मध्ये येईल ते उडवून नेते. नेमके हेच मला खटकते. वावटळ कोणाची नसते. तिला घर नाही, आडनाव नाही, जात नाही. तिच्यावर फिर्याद करता येत नाही. (जानेवारीच्या अखेरीस माणदेशात वावटळी उठत नाहीत, शाळू उभा असतो आणि हुरड्याचे दिवस असतात, ही गोष्ट माडगूळकरांएवढ्या जाणत्या माणसाला मी सांगावी असे नाही. नाव त्यांनी समजून उमजूनच घेतले असणार.)

वाऱ्याच्या नावावर आग टाकण्याची ही चाल आपल्या बोलण्यातही आहे. या भागात त्या घटनेला 'अठ्ठेचाळीसचे जळीत' म्हणतात. जळीत म्हणजे जे जळले ते. कोणी जाळले, हे त्या शब्दात नाही. ज्यांची घरे गेली तेसुद्धा 'आमचा वाडा अठ्ठेचाळीसला जळला' असेच म्हणतात. 'जळला' आणि 'जाळला' यांत लिहिताना एका कान्याचे अंतर. पण तो काना दिला की वाक्याला कर्ता द्यावा लागतो, आणि कर्ता कोण हे माहीत असूनही उच्चारण्याची सोय नसते. कारण कर्ता त्याच गल्लीत राहतो, किंवा त्याचा मुलगा आपल्या मुलाबरोबर शिकला. इकडे मारेकऱ्याच्या कृत्याविषयी बोलतानाही मराठी माणसाची जीभ अशीच शब्द निवडीत असते. कोणी खून म्हणतो, कोणी हत्या म्हणतो, आणि कोणी 'वध' म्हणतो. वध कंसाचा होतो, जरासंधाचा होतो. आपण कोणता शब्द वापरला यावरून आपण कोणत्या आळीत राहतो ते ओळखू येते.

आता कादंबरीकडे. कथानक साधे आहे. पुण्यास असलेले तरुण बातमी ऐकून, घरच्यांच्या काळजीने, माणदेशातल्या आपल्या गावाकडे निघतात. वाटेत पेटलेली आणि विझलेली घरे दिसतात. गावातला वाडाही वाचत नाही. मग प्रश्न उरतो तो राहायचे की जायचे याचा. लेखकाच्या स्वतःच्या अनुभवाचा आधार या कथेला आहे हे सर्वश्रुतच आहे. एवढ्या ऐवजावर दुसऱ्या कोणी पाचशे पानांचा आक्रोश उभा केला असता. माडगूळकरांनी लहानशी, कोरडी कादंबरी लिहिली. कोरडी हा शब्द मी स्तुती म्हणून वापरीत आहे. त्यांचे वाक्य आवाज चढवीत नाही. शिकारी माणूस जसा पायाखालची काटकी न मोडता चालतो तसे ते चालते. जळालेल्या घराचे वर्णन करताना लेखक रडू लागला की वाचकाला रडण्यास जागा उरत नाही, हे तंत्र त्यांना उपजत ठाऊक होते.

पण या कोरडेपणाचे खरे बळ मला पुस्तकाच्या आत सापडले नाही. ते त्यांच्या ग्रंथांच्या सनावळीत सापडले. वाचकांनी ती एकदा नीट पाहावी. वाडे जळाले १९४८ मध्ये. 'माणदेशी माणसे' प्रसिद्ध झाली १९४९ मध्ये. म्हणजे राख अजून निवालेली नाही तोच हा एकवीस-बावीस वर्षांचा ब्राह्मण तरुण त्याच मुलखातल्या धर्मा रामोशाची, झेल्याची, मुलाण्याच्या बकसची चित्रे काढतो आहे, आणि त्या चित्रांत सूडाचा एक शिंतोडा नाही. मग १९५५ मध्ये 'बनगरवाडी'. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, हळूहळू त्यांचा होतो, त्यांच्यासाठी तालीम बांधवतो, राजाला वाडीवर आणतो. आणि दुष्काळ वाडी ओस पाडतो. त्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे आगीनंतर सोळा वर्षांनी, 'वावटळ'. आधी माणसे, मग आग. हा क्रम उलटा झाला असता तर 'वावटळ' हे एका जातीचे गाऱ्हाणे झाले असते. तसे ते झाले नाही, कारण जमाव म्हणून जे येतात त्यांची तोंडे या लेखकाने आधीच एकेक करून पाहिलेली होती, त्यांची भूक त्याला माहीत होती, त्यांच्या बोलीत तो स्वतः बोलत होता. 'वावटळ' वाचण्यापूर्वी 'माणदेशी माणसे' वाचावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे, ते याच कारणाने.

यातूनच कादंबरीत एक ताण उत्पन्न झाला आहे. नाव म्हणते वारा. आतली पाने म्हणतात माणूस. दारावर येणारा ओळखीचा आहे, आणि सावध करण्यास येणारा तोही ओळखीचाच आहे. भीतीत आणि ओळखीत येथे फारकत नाही. परका शत्रू घर जाळतो तेव्हा घर जाते. ओळखीचा जाळतो तेव्हा गाव जाते, आणि 'वावटळी'तले दुःख गाव जाण्याचे आहे. विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्येच 'रणांगण' लिहून जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंचे दुःख मराठीत आणले होते. बोटीवरच्या परक्या निर्वासितांविषयी मराठी कादंबरी इतक्या लवकर लिहू शकली. कराडच्या स्टँडवर बोचके घेऊन उभ्या राहिलेल्यांविषयी लिहिण्यास तिला सोळा वर्षे लागली. समुद्रावरच्या दुःखाला शेजारी नसतो, म्हणून तसे झाले असेल.

इतके मानल्यावर उणिवेविषयी बोलणे भाग आहे. कादंबरीतले तरुण चांगले आहेत, भाबडे नाहीत. तरी हे आपल्या वाट्याला का आले याचा विचार त्यांना फार दूर नेत नाही. आग गोडसेच्या पिस्तुलातून निघाली, असा एकंदर भास होतो. ती तेथून निघाली नव्हती. काडी तेथून आली. गवत किती तरी वर्षे वाळत होते. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. त्यांनी १८७३ मध्ये काढलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार पुढे याच भागात खेड्यापाड्यांत, तमाशाच्या जलशांतून, रुजला. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही, भटजीची दक्षिणा ही तीन ओझी एकाच जातीच्या हातून आपल्या डोक्यावर आली आहेत, हे शेतकऱ्याला त्या जलशांनी समजावले. ते सर्वस्वी खोटे होते असे कोण म्हणेल? १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तर इंग्रज सरकार बाजूस सारून गावचा न्यायनिवाडा स्वतः करता येतो, हेही दाखवून दिले. या सगळ्यांत थोर असे पुष्कळ होते. परंतु थोर चळवळीच्या मागूनही माणसे आपापले हिशेब घेऊन येतात. अठ्ठेचाळीसला घराबरोबर कर्जाचे कागदही जळावेत असा पुष्कळांचा डोळा होता, हे मी दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांकडून ऐकले आहे.

आणि जळाले कोण? येथे कादंबरी फार खरे बोलते. गोडसे कोकणस्थ, माणदेशातले बहुतेक ब्राह्मण देशस्थ. त्यांतले कितीतरी सावकार नव्हते, जमीनदार नव्हते. माडगूळकरांचे वडील संस्थानच्या नोकरीतले साधे गृहस्थ होते. जमावाने वह्या तपासून घरे निवडली नाहीत. ज्याची वही खरोखरच जाड होती तो बहुधा आधीच शहराला लागलेला होता, आणि मागे उरलेल्या जोशीबुवाच्या छपराला काडी लागली. हे सांगताना माडगूळकर कोठेही 'आम्ही गरीब होतो हो' असा सूर लावीत नाहीत. घरात काय होते एवढेच दाखवतात.

माझी तक्रार वेगळी आहे. माणदेशाचा बराच भाग औंध संस्थानचा. तेथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः ब्राह्मण. त्यांनी १९३९ मध्ये आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या पंचायतींना दिली, आणि त्या घटनेच्या घडणीत प्रत्यक्ष गांधीजींचा सल्ला होता. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता त्या कामी खपत होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली, जिला भिंत नव्हती. तिच्यावरून पुढे ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली, ती व्यंकटेशरावांच्या या थोरल्या बंधूंनी. म्हणजे जेथे गांधींच्या सल्ल्याने एका ब्राह्मण राजाने राज्य सोडले, त्याच टापूत नऊ वर्षांनी गांधींच्या नावाने ब्राह्मणांची घरे पेटली. केवढा विषय! लेखक त्या संस्थानात जन्मलेला, बेचाळीसच्या चळवळीत घर सोडून गेलेला. 'बनगरवाडी'त त्याने तो राजा दाखवला. 'वावटळी'त हा सगळा मागचा पट हवा होता, तो नाही. सत्तेचा पालट कळपात काय करतो हे माडगूळकरांनी शेवटी लिहिलेच. पण ते १९८२ मध्ये, 'सत्तांतर' या पुस्तकात, आणि वानरांच्या टोळीविषयी. त्याला अकादमीचे पारितोषिकही मिळाले. वानरांना आडनावे नसतात, तेव्हा कानामात्रा देण्यास तेथे लेखणी अडखळली नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जळालेल्या वाड्याची आठवण पुढच्या पिढ्यांत गोड होत जाते. सोपा, परस, आडाचे पाणी, कुळांनी आणून टाकलेल्या शेंगा. आणि मग 'गाव किती एक होते हो' असे सुस्कारे. हा गोडवा ज्यांना चढतो त्यांनी 'वावटळ' मिटल्यावर शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' उघडावे. खरातही आटपाडीचेच. माडगूळकरांपेक्षा काही वर्षांनी मोठे. त्याच माळावर, त्याच संस्थानात, पण गावकुसाबाहेर वाढलेले. ज्याला गावाच्या आडावर पाणी भरता येत नव्हते त्याचे गाव अठ्ठेचाळीसला मोडले नाही. त्याला ते मुळात मिळालेलेच नव्हते. १९८३ च्या अंबाजोगाईच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर आणि १९८४ च्या जळगावच्या संमेलनाचे शंकरराव खरात. एका तालुक्याच्या मातीने लागोपाठ दोन अध्यक्ष दिले, याचा आटपाडीकरांना अभिमान वाटतो, वाटावाच. दोघांची पुस्तके एका फळीवर शेजारी ठेवली तरच त्या मातीचा खरा नकाशा दिसतो. वाड्याच्या माडीवरून आणि तराळाच्या काठीजवळून एकच गाव किती निराळे दिसते!

आपल्याकडचे हे प्रकरण किती मोठे होते, हे परदेशाशी ताडून पाहिल्याखेरीज कळत नाही. आफ्रिकेत रवांडा नावाचा लहानसा डोंगराळ देश आहे. बेल्जियमचे राज्य जाण्याच्या बेतात असताना, नोव्हेंबर १९५९ मध्ये, तेथल्या बहुसंख्य हुतूंनी अल्पसंख्य तुत्सींची घरे जाळण्यास सुरुवात केली. तुत्सींतले पुष्कळ पिढ्यानुपिढ्या सत्तेच्या जवळ राहिलेले होते, पण जळाले त्यांत साधे गुराखीही होते. हजारो कुटुंबे सरहद्दीपार गेली. त्या घटनेला तेथले लोक आपल्या भाषेत 'मुयागा' म्हणतात. मुयागा म्हणजे सोसाट्याचा, दिशा बदलणारा वारा! हे प्रथम वाचनात आले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. सातारा कोठे, रवांडा कोठे. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले की दोन्हीकडची माणसे वाऱ्याचेच नाव घेतात. तेथे १९६२ मध्ये स्वातंत्र्य आले, वारा थांबला नाही, आणि १९९४ मध्ये शंभर दिवसांत लाखो माणसे कापली गेली.

येथे तसे झाले नाही. थोड्याच दिवसांत आग विझली, आणि पुन्हा तशी लागली नाही. याचे श्रेय आपण चटकन आपल्या संतांना देऊन मोकळे होतो. मला ते तितके सोपे वाटत नाही. सरकार उभे होते, हे एक. जळालेल्यांपाशी शिक्षण होते आणि पुणे-मुंबईत त्यांना जागा होती, हे दुसरे. रवांडाच्या निर्वासिताला छावणी मिळाली, माणदेशच्या निर्वासिताला बँकेत नोकरी मिळाली. ज्याला नोकरी मिळते तो बंदूक शोधीत नाही. तिसरे म्हणजे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. जमिनीचा जो झगडा आगीने सोडवू पाहिला तो कायद्याने मिटवला, आणि गावी परत येण्याचे कारणच उरू दिले नाही. जे गेले ते गप्प राहिले, जे राहिले तेही गप्प राहिले. या गप्प बसण्याने शांतता राखली हे मला मान्य आहे. तिची किंमत वाङ्मयाने दिली.

ती किती दिली पाहा. गांधीजींचा खून कोणी, कसा, कोणत्या गाडीने जाऊन केला याविषयी मराठीत पुस्तकांवर पुस्तके आहेत. गोपाळ गोडशांचे 'गांधीहत्या आणि मी' १९६७ पासून वाचले जाते, मारेकऱ्याच्या तोंडी भाषणे घालणारे नाटक रंगभूमीवर येऊन गाजले, त्यावर बंदीही आली. त्या एका मिनिटाविषयी मराठी वाचक तास तास बोलू शकतो. त्यानंतरच्या पंधरवड्याविषयी त्याच्यापाशी एक छोटी कादंबरी आहे. देवराष्ट्रासारख्या खेड्यात जन्मून, कराडात वाढून, सगळा सातारा तळहातासारखा जाणणाऱ्या यशवंतराव चव्हाणांनी 'कृष्णाकाठ' हे फार सुरेख आत्मचरित्र लिहिले. ते १९४६ पाशी थांबते. पुढचे भाग लिहिण्याआधीच १९८४ मध्ये ते गेले. अठ्ठेचाळीसविषयी त्यांनी काय लिहिले असते, हे कुतूहल मला अजून सुटत नाही.

म्हणून मला वाटते, 'वावटळी'ला तिची जोडीची कादंबरी हवी. जाळणाऱ्याच्या घरातली. रात्री घामेजून, हाताला रॉकेलचा वास घेऊन एक माणूस घरी येतो. त्याची बायको त्याला काय विचारते? सकाळी पोरगा शाळेला निघतो, आणि मास्तर आलेले नसतात. जप्तीची, पोलिसांची, सामुदायिक दंडाची भीती असते, आणि तिच्याआड दुसरे काही तरी असते त्याला नाव देता येत नाही. माझ्या वाचनात अशी मराठी कादंबरी आलेली नाही. ब्राह्मण लेखकाला ती लिहिता येणार नाही; लिहिली तर ती फिर्याद वाटेल. ती त्या माणसाच्या नातवाने लिहावयाची आहे. आज तो नातू शिकलेला आहे, लिहिता आहे, त्याच्या हाती माडगूळकरांच्या तोडीची बोली आहे. त्याच्यापाशी नाही ते एकच, कोणी तरी खरे बोलणारे. कोणत्याही गावी विचारा, उत्तर ठरलेले : "आमच्या गावचं कुणी न्हवतं. भायेरनं आल्ते." शेजारच्या गावी जावे तर तेथेही बाहेरूनच आलेले असतात. असे गावोगाव विचारीत गेले तर सातारा जिल्हा संपतो आणि बाहेरचे गाव काही लागत नाही.

तरी सामग्री आहे. वाळवे तालुक्यातल्या एका घरी दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी तांब्याचे मोठे घंगाळ बाहेर काढतात. मी ते पाहिले आहे. काठावर जुन्या पद्धतीने ठोक्याठोक्यांनी नाव घातलेले आहे, आणि ते नाव त्या घराचे नाही. घंगाळ कोठून आले असे मी विचारले. आजोबा म्हणाले, ब्राह्मणाने जाताना सांभाळायला दिले, न्यायला परत कोणी आले नाही. त्यांचा मुलगा म्हणाला, बाजारात विकत घेतले. म्हातारी चुलीपाशी बसली होती, तिने मान वर केली नाही, मी निघताना उंबऱ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, त्या नावाचं कुणी पुण्यात भेटलं तर सांगा मला."